घरात बॉयलर नाही, तरी गरम पाण्याचं बिल येतंय? ब्रिटनमध्ये हीट नेटवर्कवर नव्याने आलेल्यांसाठी

फ्लॅटची किल्ली हातात आली की सामान लावायच्या आधी एक कपाट उघडून बघा. बहुधा मुख्य दाराजवळचं, वॉशिंग मशिनच्या शेजारचं. आत भिंतीवर सुटकेसएवढी पांढरी पेटी असेल आणि तिच्या खालून पाइपांची रांग उतरलेली असेल. त्यांतल्या दोन पाइपांवर जाड वेष्टण असतं. पेटीत ज्योत नाही, धूर बाहेर सोडणारी नळी नाही. कान लावलात तर पाणी वाहत असल्याचा बारीक आवाज येतो. हा बॉयलर नाही. या पेटीला इथे एचआययू (हीट इंटरफेस युनिट) म्हणतात, आणि ती दिसली की समजायचं, आपण हीट नेटवर्कचे ग्राहक आहोत.

तळघरात किंवा जवळपासच्या एनर्जी सेंटरमध्ये पाणी तापतं, पाइपांतून फिरत या पेटीपर्यंत येतं, आपली उष्णता तुमच्या रेडिएटरच्या आणि नळाच्या पाण्याला देतं आणि कोमट होऊन परत जातं. बहुतेक पेट्यांत दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाही, मध्ये धातूचे पातळ पत्रे असतात. एकाच इमारतीपुरती सोय असेल तर तिला कम्युनल हीटिंग म्हणतात, अनेक इमारती जोडलेल्या असतील तर डिस्ट्रिक्ट हीटिंग. कायद्याच्या लेखी दोन्ही हीट नेटवर्कच. कल्पना जुनी आहे. लंडनच्या पिमलिको भागात १९५० पासून असं नेटवर्क चालू आहे; थेम्स नदीपलीकडच्या बॅटरसी वीजकेंद्रात वाया जाणारी उष्णता नदीखालून आणून तिथली घरं गरम केली जात. आज देशभरात सुमारे १४,००० नेटवर्क आहेत आणि त्यांवर पाच लाखांच्या आसपास ग्राहक आहेत.

यात एक गोम आहे आणि ती आधीच समजून घ्यायला हवी. विजेची कंपनी आवडली नाही तर तुम्ही ती बदलू शकता. उष्णतेची बदलता येत नाही, कारण घरात येणारा पाइप एकच आणि त्याचा मालकही एकच. वीज-गॅसच्या घरगुती दरांवर ऑफजेम ही नियामक संस्था जी कमाल मर्यादा घालते, तीही हीट नेटवर्कच्या दराला लागू नाही. २०२२ मध्ये गॅसचे भाव भडकले तेव्हा हे फार जणांना कळलं, आणि फार वाईट पद्धतीने कळलं: शेजारच्या रस्त्यावरच्या बॉयलरवाल्या घरांना मर्यादेचं छत्र होतं, यांना नव्हतं.

वर्षानुवर्षं इथे नियामकच नव्हता. २०१५ मध्ये हीट ट्रस्ट नावाची ग्राहक संरक्षणाची योजना सुरू झाली, पण ती ऐच्छिक. २०१८ मध्ये स्पर्धा आयोगाने या बाजाराचा अभ्यास करून नियमन हवं असं सांगितलं. मग २०२३ चा एनर्जी ॲक्ट आला आणि त्याने इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधल्या हीट नेटवर्कची जबाबदारी ऑफजेमकडे दिली. १ एप्रिल २०२५ पासून ग्राहकांना एनर्जी ऑम्बड्समनकडे, म्हणजे ग्राहक आणि कंपनीच्या भांडणात निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, तक्रार नेण्याची वाट खुली झाली आणि २७ जानेवारी २०२६ पासून ऑफजेमचे नियम प्रत्यक्ष लागू झाले. उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे, तिच्याबद्दल इथे लिहीत नाही.

म्हणजे आता तुमच्यामागे कायदा उभा आहे. पण तो आपणहून तुमच्या दारात येत नाही. त्याला कागद लागतो, तारीख लागते, मीटरचा आकडा लागतो. पुढचं सगळं त्यासाठीच.

पहिलं काम: पुरवठादार नेमका कोण ते शोधा

हे वाटतं तितकं सोपं नाही. इमारतीचा मालक एक, तिची देखभाल बघणारा मॅनेजिंग एजंट दुसरा, एनर्जी सेंटर चालवणारी कंपनी तिसरी आणि बिल पाठवणारी चौथी, असं सर्रास असतं. बिलाच्या डोक्यावर ज्याचं नाव छापलेलं असतं तो अनेकदा फक्त मीटर वाचून बिलं काढणारा कंत्राटदार असतो. दर ठरवणं त्याच्या हातात नसतं.

मी स्वतः इथे फसलो. पहिल्या हिवाळ्यात दर एकदम वाढला म्हणून मी दोन महिने बिल पाठवणाऱ्या कंपनीशी ईमेलवर भांडत होतो. त्यांची उत्तरं नम्र यायची, पण हाती काहीच लागायचं नाही. शेवटी तिथल्याच एका बाईंनी फोनवर सांगितलं, ‘दर आम्ही ठरवत नाही हो, तुमच्या इमारतीचे मालक ठरवतात.’ दोन महिने चुकीच्या दारावर धडका मारण्यात गेले.

तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक छोटा ईमेल टाका. घरमालकाला किंवा लेटिंग एजंटला टाका, त्याची प्रत बिल पाठवणाऱ्याला द्या. त्यात एवढंच विचारा: या फ्लॅटला उष्णता पुरवण्याचा करार कोणाशी आहे? नेटवर्क कोण चालवतं? दर कोण ठरवतं? तक्रार कोणाकडे करायची? नव्या व्यवस्थेत पुरवठा करणारा आणि नेटवर्क चालवणारा अशा दोन वेगळ्या भूमिका आहेत आणि दोघांवर वेगवेगळ्या जबाबदाऱ्या आहेत. एकच संस्था दोन्ही असू शकते. लहान इमारतींत बहुतेकदा इमारतीचा मालकच दोन्ही असतो, मग त्याला स्वतःला ते ठाऊक असो वा नसो. आधीपासून चालू असलेल्या नेटवर्कना ऑफजेमकडे नोंदणी करायला २६ जानेवारी २०२७ पर्यंत मुदत दिली आहे. पण ‘आमची नोंदणी अजून व्हायची आहे’ ही सबब चालत नाही; ग्राहक संरक्षणाचे नियम नोंदणीआधीही त्यांना लागू आहेत.

मग कागद गोळा करा

हीट सप्लाय अग्रीमेंट, म्हणजे उष्णता पुरवठ्याचा करार, मागून घ्या. भाडेकरू असाल तर भाडेकरारात हीटिंगबद्दल काय लिहिलंय ते बघा: भाड्यात धरलंय की वेगळं भरायचंय? फ्लॅट विकत घेत असाल तर वकिलाला हा करार सह्या करण्याआधी वाचायला लावा. त्याची मुदत, दरवाढीचं सूत्र आणि एचआययूची मालकी या तीन गोष्टी त्याने तुम्हाला साध्या भाषेत समजावून सांगायला हव्यात. असे करार पंचवीस-तीस वर्षांचेही असतात. दरवाढ कशाला बांधलेली आहे, गॅसच्या भावाला की महागाईच्या निर्देशांकाला, यावर तुमची पुढची कितीतरी बिलं अवलंबून असतात.

मीटर: इथे वेळ द्या

एचआययूच्या पोटात किंवा शेजारी हीट मीटर असतो. छोटा पडदा, एक बटण. तो तुमच्या पेटीतून किती पाणी गेलं ते मोजतो, आत येताना आणि परत जाताना त्या पाण्याचं तापमान किती होतं ते मोजतो आणि त्या फरकावरून तुम्ही किती उष्णता घेतली याचा हिशेब करतो. आकडा किलोवॅट-तासांत, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत युनिटमध्ये, दिसतो. बटण दाबत गेलात तर लिटर, तापमान असंही दिसेल. त्याने गोंधळू नका, बिलाशी संबंध युनिटच्या आकड्याचा.

राहायला आलात त्याच दिवशी या पडद्याचा फोटो काढा. त्याच फोटोत, किंवा लगेच दुसऱ्यात, मीटरवर छापलेला सीरियल नंबरही यायला हवा. हा नंबर का महत्त्वाचा, ते सांगतो.

आमच्या मजल्यावर एक जोडपं होतं. दिवसभर दोघं बाहेर, तरी बिल आमच्या चौघांच्या घरापेक्षा जास्त. वर्षभर ते गपचूप भरत राहिले, आपल्यालाच काटकसर जमत नाही असं समजून. एके दिवशी सहज म्हणून आम्ही त्यांच्या बिलावरचा सीरियल नंबर त्यांच्या कपाटातल्या मीटरवरच्या नंबराशी ताडून पाहिला. जुळेना. त्यांच्या बिलावर समोरच्या फ्लॅटचा मीटर होता. इमारत बांधताना कुणीतरी दोन फ्लॅटची नोंद अदलाबदल केली होती आणि तेव्हापासून एक घर दुसऱ्याची अंघोळ भरत होतं.

ही तपासणी पाच मिनिटांची आहे. आधी बिलावरचा नंबर आणि मीटरवरचा नंबर जुळतो का ते बघा. नंतर मीटरचा आकडा टिपा, गरम पाण्याचा नळ दहा मिनिटं सोडा आणि आकडा पुन्हा बघा. तुमचा नळ चालू असताना तुमचा मीटर हलायला हवा. आकडा पूर्ण युनिटमध्येच दिसत असेल तर थोडा जास्त वेळ लागेल. त्याऐवजी बटण दाबून पाण्याच्या प्रवाहाचा आकडा बघा, तो लगेच बदलतो. आणि सगळे नळ, सगळे रेडिएटर बंद असताना मीटर भराभर पळत असेल तर तेही लिहून ठेवा. एचआययूतली एखादी झडप नीट बंद होत नसेल तर असं होतं, आणि त्याचे पैसे तुमच्या खिशातून जातात.

यापुढे दर महिन्याला एक फोटो. फोनमध्ये वेगळा अल्बम करा. मीटर असलेल्या घरांना वर्षातून किमान एकदा प्रत्यक्ष वापरावरून बिल द्यायला हवं, ही तरतूद २०१४ च्या मीटरिंग आणि बिलिंगच्या नियमांपासून आहे. बिलावर ‘अंदाजे’ असं लिहिलेलं सलग दिसलं, तर तुमच्या फोटोंतले आकडे पाठवून बिल दुरुस्त करून मागा. मीटरच नसेल आणि खर्च फ्लॅटच्या क्षेत्रफळावरून वाटला जात असेल, तर मीटर का बसवला नाही आणि वाटणीचं सूत्र काय, हे दोन प्रश्न लेखी विचारा.

बिल वाचताना

बिलात दोन मुख्य गोष्टी असतात: युनिटचा दर आणि रोजचा स्टँडिंग चार्ज, म्हणजे वापर असो वा नसो, भरावाच लागणारा ठरलेला आकार. लोक पहिल्याकडे बघतात आणि फसतात. समजा, युनिट १२ पेन्सला आहे, वर्षात ३,००० युनिट वापरले, तर ३६० पौंड झाले. स्टँडिंग चार्ज दिवसाला ६० पेन्स असेल तर वर्षाचे २१९ पौंड. एकूण ५७९, म्हणजे प्रत्येक युनिट तुम्हाला खरं तर १९ पेन्सच्या वर पडलं. दोन नेटवर्कची किंवा दोन वर्षांची तुलना करायची तर याच आकड्याची करा.

गॅस बॉयलरवाल्या मित्राच्या बिलाशी तुलना करतानाही थोडं सबुरीने. त्याच्या बिलावर गॅसचं युनिट असतं, तुमच्या बिलावर उष्णतेचं. बॉयलर सगळ्या गॅसची उष्णता करत नाही. त्याची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर ६ पेन्सच्या गॅसमधून मिळणारी उष्णता ७ पेन्सला पडते. शिवाय गॅसचा स्टँडिंग चार्ज, बॉयलरची वार्षिक देखभाल, दहा-पंधरा वर्षांनी नवा बॉयलर, हे त्याच्या डोक्यावर वेगळं. हे सगळं धरून तुमचा दर थोडा वर असेल तर त्याला अन्याय म्हणता येणार नाही. दुप्पट असेल तर मात्र प्रश्न विचारायलाच हवेत.

स्टँडिंग चार्जमध्ये काय काय धरलंय, हे हमखास विचारा. एचआययूची देखभाल त्यात आहे का? असेल, आणि तरी सर्व्हिस चार्जमध्येही (इमारतीच्या देखभालीसाठी वेगळी घेतली जाणारी रक्कम) ‘हीटिंग देखभाल’ अशी ओळ असेल, तर एकाच कामाचे पैसे दोनदा जात नाहीत ना ते तपासा. घरगुती उष्णतेवर व्हॅट ५ टक्के असतो. २० टक्के लावलेला दिसला तर लगेच विचारा.

दर किती असावा हे ऑफजेम ठरवून देत नाही. पण दर न्याय्य असला पाहिजे, अवाजवी असता कामा नये, असं बंधन आता आहे आणि ऑफजेम पुरवठादाराकडे हिशेब मागू शकते, चौकशी करू शकते. म्हणून दर अचानक वाढला की ‘फार महाग आहे’ एवढंच लिहू नका. जुना दर, नवा दर, तो कधी कळवला, गॅस किंवा वीज किती भावाने खरेदी केली, किती उष्णता पाइपांत वाया जाते, असं मुद्देसूद विचारा. एकट्याने विचारण्यापेक्षा वीस फ्लॅटनी मिळून विचारलेलं जास्त लागू पडतं. इमारतीचा व्हॉट्सॲप गट असेल तर त्यात शिरा. नसेल तर तुम्हीच काढा.

वाया जाणाऱ्या उष्णतेवरून आठवलं. भर जुलैत तुमच्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये पाऊल टाकताच अंगाला घाम फुटत असेल, तर ते नुसतं गैरसोयीचं नाही. छतामागच्या पाइपांचं वेष्टण अपुरं आहे, उष्णता भिंतींना जातेय आणि तिचा खर्च सगळ्यांच्या दरात मिसळलाय, असा त्याचा अर्थ असू शकतो. साधा थर्मामीटर टेकवून तारखेसह फोटो काढा. आमच्या इमारतीत पाइपांची तपासणी व्हायला शेवटी असेच फोटो कामी आले.

हीटिंग बंद पडलं तर

पहिल्यांदा शेजाऱ्याचं दार वाजवा. त्याच्याकडेही पाणी थंड असेल तर दोष नेटवर्कचा. पुरवठादाराच्या तातडीच्या नंबरवर फोन करा. फक्त तुमच्याकडेच असेल तर थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या बदलून बघा, प्रीपेमेंट मीटर (आधी पैसे भरून वापरायचा) असेल तर शिल्लक बघा. एचआययूचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. आत दाबाखालचं कढत पाणी असतं.

इंग्लंडमध्ये भाडेकरू असाल तर घर गरम करण्याची आणि गरम पाण्याची यंत्रणा चालू स्थितीत ठेवणं ही घरमालकाची कायदेशीर जबाबदारी आहे, १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टच्या अकराव्या कलमाने. ‘तुम्हीच कंपनीशी बोला’ असं म्हणून त्याला हात झटकता येत नाहीत. फ्लॅट तुमच्या मालकीचा असेल तर पेटी कोणाची, हे तुमच्या करारात बघावं लागेल. बंद कधी पडलं, फोन कधी केला, कोण काय म्हणालं, माणूस कधी आला, चालू कधी झालं, हे सगळं वेळेसह लिहा.

पैशांची ओढाताण किंवा घरात आजारी माणूस असेल तर

न लाजता कळवा. जास्त मदतीची गरज असलेल्या ग्राहकांची प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टर नावाची यादी असते. घरात तान्हं बाळ, वृद्ध, दीर्घ आजारी किंवा अपंग व्यक्ती असेल तर त्या यादीत नाव घालायला सांगा, फुकट असतं. आई-वडील काही महिन्यांसाठी राहायला येणार असतील तर तेही कळवण्यासारखं आहे. बिल थकलं असेल तर पुरवठादाराने तुमची भरण्याची ऐपत लक्षात घेऊन हप्ते ठरवायला हवेत. प्रीपेमेंट मीटरवर जुनी थकबाकी प्रत्येक टॉपअपमधून कापली जात असेल आणि हातात काही उरत नसेल, तर कपात कमी करून मागा. हे बोलणं थकबाकी लहान असतानाच करा.

तक्रार कशी करायची

फोनवर कितीही वेळ बोललात तरी ती तक्रार म्हणून नोंदली गेली की नाही, याचा पुरावा तुमच्याकडे नसतो. म्हणून ईमेल करा आणि विषयाच्या ओळीत ‘कंप्लेंट’ हा शब्द स्पष्ट लिहा. नुसती चौकशी आणि तक्रार यांत इथे फरक केला जातो, आणि पुढची मुदत तक्रारीच्या तारखेपासून मोजली जाते. पत्र लहान ठेवा: फ्लॅटचा पत्ता, खाते क्रमांक, मीटरचा नंबर, काय झालं, कधीपासून, आणि तुम्हाला काय हवंय. हे शेवटचं लोक विसरतात. ‘मार्चचं बिल माझ्या प्रत्यक्ष आकड्यावरून दुरुस्त करा आणि जादा घेतलेले पैसे परत करा’ असं नेमकं मागा. सोबत फोटो जोडा, तक्रार क्रमांक मागून घ्या.

आठ आठवड्यांत प्रश्न सुटला नाही, किंवा ‘यापुढे आम्ही काही करू शकत नाही’ असं पत्र त्याआधीच आलं, तर एनर्जी ऑम्बड्समनकडे जा. ग्राहकाला त्याचा खर्च नाही, वकील लागत नाही. त्यांचा निर्णय तुम्ही मान्य केलात तर तो पुरवठादारावर बंधनकारक असतो. तुम्हाला पटला नाही तर कोर्टाचा रस्ता मोकळा राहतो. ऑफजेमकडे वैयक्तिक तक्रार पाठवून उपयोग नाही. ते एकेकट्याची प्रकरणं सोडवत नाहीत, त्यांचं काम सगळ्या पुरवठादारांवर लक्ष ठेवण्याचं. काय लिहायचं हे सुचत नसेल तर इंग्लंड-वेल्समध्ये सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेचा ०८०८ २२३ ११३३ हा फुकट नंबर आहे, स्कॉटलंडमध्ये ॲडव्हाइस डायरेक्ट स्कॉटलंड. इंग्रजीत भराभर बोलणं जड जात असेल तर आधी मुद्दे कागदावर लिहून मग फोन करा. तिथली माणसं थांबून ऐकतात.

दोन वाटा आणखी आहेत, दोन्ही इंग्लंडपुरत्या. घर कौन्सिलचं (स्थानिक नगरपालिकेचं) किंवा हाउसिंग असोसिएशनचं (ना-नफा गृहसंस्थेचं) असेल आणि भांडण दुरुस्तीवरून असेल, तर त्यांच्या अंतर्गत तक्रारीचे टप्पे संपल्यावर हाउसिंग ऑम्बड्समन. आणि फ्लॅटमालकांना हीटिंगचा खर्च सर्व्हिस चार्जमधून येत असेल, तर तो वाजवी आहे का हे फर्स्ट-टियर ट्रायब्युनल या न्यायाधिकरणाला विचारता येतं. वर सांगितलेल्या १९८५ च्याच कायद्यात अठरा महिन्यांचा नियम आहे: खर्च होऊन अठरा महिने उलटल्यावर पहिल्यांदाच मागणी केली आणि मधल्या काळात लेखी कळवलंही नव्हतं, तर ते पैसे सर्व्हिस चार्ज म्हणून वसूल करता येत नाहीत. जुन्या वर्षांचं भलंमोठं बिल अचानक आलं तर आधी तारखा बघा. उष्णतेसाठी वेगळ्या कंपनीशी थेट करार असेल तर मात्र तो खर्च सर्व्हिस चार्जमध्ये मोडेलच असं नाही, म्हणून सुरुवातीला तो करार मिळवायला सांगितला.

घर सोडताना

शेवटच्या दिवशी, किल्ल्या देण्याआधी, तेच कपाट पुन्हा उघडा. पडद्याचा फोटो, सीरियल नंबरचा फोटो. आकडा आणि तुमचा नवा पत्ता पुरवठादाराला त्याच दिवशी ईमेल करा आणि शेवटचं बिल मागा. खात्यात शिल्लक असेल तर ती तुमची आहे, परत मागा. प्रीपेमेंटवर असाल तर शेवटचे काही टॉपअप लहान ठेवा. आणि तुमच्या जागी येणारं कुटुंब ओळखीचं असेल, तर त्यांना पुरवठादाराचं खरं नाव आणि मीटर कुठे आहे, एवढं सांगून जा.